भावाला लिव्हर द्यायचं आहे, पण घरात कुणी समोरासमोर बोलत नाही

भांडुपची_मीनल
रविवार, रात्री ११:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते पहिल्यांदाच. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ४६. लालबागला छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांची वर्गणीची बुकं. दारूचा थेंबही घेत नाही. साखर आणि वजन, यातून लिव्हर गेलं. (हे मला हल्ली प्रत्येकाला आधी सांगावं लागतं. लिव्हर म्हटलं की समोरचा काय समजला ते त्याच्या तोंडावरच दिसतं.) दोन वर्षांपूर्वी सिरॉसिस कळला. आता दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढतात, चार-पाच लिटर. गेल्या महिन्यात रक्तात अमोनिया चढला आणि भ्रम झाला. दुकानात एका पत्रिकेचं प्रूफ तपासत होता, त्यात नवऱ्यामुलाच्या नावावर काट मारून स्वतःच्या मुलाचं नाव लिहिलं आणि तेच गिरवत बसला. कागद फाटला तरी पेन थांबेना. दुकानातल्या माणसाने वहिनीला फोन केला. तेव्हापासून ते गोड चिकट औषध दिवसातून चारदा, दिवसभर पेंग आणि रात्रभर टक्क जागा.

डॉक्टर म्हणाले, मेल्ड स्कोअर (लिव्हर किती बिघडलंय त्याचा आकडा) २४ आहे, ट्रान्सप्लांट हाच उपाय. झेडटीसीसीच्या, म्हणजे मेंदूमृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या समितीच्या यादीत नाव घातलंय. पण यादीच्या भरवशावर बसू नका, घरातला दाता बघा, असंही म्हणाले.

आता घरातलं सांगते. दादा बी पॉझिटिव्ह. वहिनी ए पॉझिटिव्ह, म्हणजे बाद. बाबा ७१ वर्षांचे. आई नाही. देवगडचा चुलतभाऊ, ओ पॉझिटिव्ह, वय ३४, त्याने स्वतःहून फोन केला की मी देतो. पण तो चालत नाही असं कुणीतरी म्हणालं. भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, बारावीला आहे. पाच महिन्यांनी तो अठराचा होईल. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि तोंडातून कुणी काढत नाही.

उरले मी. बी पॉझिटिव्ह, वय ३८, पतपेढीत नोकरी, दोन मुली, एक सातवीत, एक तिसरीत.

मला अजून कुणीही "तू दे" म्हणालेलं नाही. दुखणं तेच आहे. मागच्या रविवारी गेले तर वहिनीने माझ्यासाठी मुद्दाम घावणे केले होते, आणि निघताना ती मला पार गेटपर्यंत सोडायला आली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तिच्या, कधी जिन्याच्या खाली उतरली नव्हती. नवरा नाही म्हणत नाही, "बघू" म्हणतो. सासूबाई स्पष्ट म्हणाल्या, "उद्या तुला काही झालं तर या पोरींना मी ह्या गुडघ्यांनी सांभाळू?" त्यांचंही खोटं नाही.

मुंबईत कॅडेव्हरसाठी, म्हणजे मेंदूमृत दात्याच्या लिव्हरसाठी, थांबण्यात किती अर्थ आहे? चुलतभाऊ खरंच चालत नाही का? माझ्या नवऱ्याची सही लागते का? खर्चाचा आकडा २४ लाख सांगितलाय, तो तेवढ्यावर थांबतो का? आणि मी घाबरले आहे, हे नक्की कुणाला सांगायचं असतं?


पार्लेकर_जुना
सोमवार, सकाळी ७:१५

ताई, कटू वाटेल, पण सरळ लिहितो. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात नवऱ्याला यकृत देणारी बायको आणि तो नवरा, दोघंही काही दिवसांच्या अंतराने गेले. पेपरात सगळं आलं होतं. दोन लहान मुली असलेल्या बाईने धडधाकट पोट कापून घ्यावं हे मला पटत नाही. यादीत नाव आहे ना, मग थांबा. एवढं मोठं शहर आहे, रोज इतके अपघात होतात.


शतावरी
सोमवार, सकाळी ९:०२

ऑपरेशनच्या आधी एकदा गुळवेल आणि पुनर्नव्याचा काढा देऊन बघा. माझ्या मावसदिरांची कावीळ आठ दिवसांत उतरली होती.


फाईलवाली
सोमवार, दुपारी २:३०

शतावरी, कृपा करून नको. कावीळ वेगळी, हा सिरॉसिस आहे आणि वर अमोनिया चढलेला. २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यावर वादही झाला, पण दादांचं यकृत काही वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणार नाही. डॉक्टरांना न विचारता त्यांच्या पोटात काहीही घालू नका.

मीनल, मी बारा वर्षं मुंबईत ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर होते. आता सोडलंय, मान आणि झोप दोन्ही गेल्यावर. तुझ्या घराची फाईल माझ्या टेबलावर आली असती तर काय केलं असतं ते लिहिते.

आधी थांबण्याबद्दल. २०२३ या अख्ख्या वर्षात सबंध भारतात मेंदूमृत दाते मिळाले १,०९९. मुंबई विभागात वर्षाला शंभरचा आकडा अजून गाठलेला नाही. पार्लेकरकाका म्हणतात तसे अपघात रोज होतात, पण अपघातात गेलेला माणूस आणि व्हेंटिलेटरवर असताना नियमानुसार दोनदा तपासून मेंदूमृत घोषित झालेला माणूस यात फार फरक आहे. शिवाय तो घोषित करणारं आयसीयू हवं, आणि त्या घडीला "हो" म्हणणारं घर हवं. म्हणून तर त्याच वर्षी देशात साडेचार हजारांच्या आसपास यकृत प्रत्यारोपणं झाली आणि त्यातली बहुसंख्य जिवंत दात्यांकडून. पाश्चात्त्य देशांत गणित बरोबर उलटं असतं. यादीतलं नाव मात्र काढू नका. घरचा दाता तयार होत असतानाच यादीतून फोन आला, असं मी पाहिलंय.

पुण्याचं जे झालं ते झालंच, त्याला मी अपवाद म्हणून झटकणार नाही. उजवा भाग देणाऱ्या दात्यांत जगभर हजारी दोन ते पाच मृत्यू धरतात. हा आकडा तुला तोंडावर सांगितला गेला पाहिजे. सांगितला नसेल तर पुढच्या खेपेला तूच विचार.

आता चुलतभाऊ. १९९४ च्या कायद्यात "जवळचे नातेवाईक" ठरलेले आहेत: नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं. चुलत, मामे, मावस, दीर-भावजय, जावई, कुणी नाही. पण "चालत नाही" हे अर्धंच खरं. त्याला प्राधिकार समितीपुढे जावं लागतं. समिती बघते की हा प्रेमापोटी देतोय की पैशासाठी. दोघांच्या उत्पन्नाचे कागद, राहण्याचा पुरावा, लहानपणापासूनचे एकत्र फोटो, मुलाखत, तिचं व्हिडिओ रेकॉर्डिंग. देवगडचा मुलगा आणि लालबागचा छापखानेवाला, उत्पन्नात तफावत दिसली की प्रश्न वाढतात. वेळ जातो. पण त्याची फाईल आजच उघडा. तुझं काही ठरण्याची वाट बघू नका.

तू बहीण, म्हणजे जवळची नातेवाईक. तुझ्या बाबतीत घोळ होतो तो नावाचा. लग्नात तुझं नाव बदललं का? आडनाव तर बदललंच असेल. आधारवर सासरचं नाव, दादाच्या रेशनकार्डावर तू नाहीस, मग तुम्ही भावंडं हे कागदावर दिसणार कुठे? शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेव. माझ्याकडे एक बहीण आली होती, माहेरची पुष्पा आणि सासरची वैशाली. गॅझेटमध्ये नाव बदललेलं नव्हतं, लग्नपत्रिका हरवलेली. भाऊ आयसीयूत आणि आम्ही तिच्या गावच्या शाळेत हेडमास्तरांना फोन करतोय. शेवटी डीएनए तपासणीवर भागलं, पण अकरा दिवस गेले.

नवऱ्याची सही: २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे वडिलांना मूत्रपिंड देऊ पाहणाऱ्या विवाहित मुलीचं प्रकरण आलं होतं. कायदा नवऱ्याची संमती मागत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. नियमांत उलट असं आहे की दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, आणि तिची संमती मोकळेपणाने दिलेली आहे याची खात्री रुग्णाशिवाय दुसऱ्या कुणीतरी करायची. व्यवहारात मात्र जवळपास प्रत्येक ठिकाणी नवऱ्याला बोलावतात, कारण घरी गेल्यावर तुला उठवून बसवणारा माणूस कोण, हे टीमला कळायला हवं असतं. त्याला भांडून आणू नकोस, पण त्याच्या "बघू"ला सही समजून थांबूही नकोस.

आणि वहिनी. बाद कशा? त्या ए, दादा बी. मुंबईत कुठेतरी एखाद्या बाईचा नवरा ए आहे आणि ती बी आहे, आणि तीही आज असंच कपाळाला हात लावून बसली आहे. तुमच्या वहिनीचं यकृत त्यांना, तिचं दादाला. याला स्वॅप म्हणतात, २०११ च्या दुरुस्तीने ते कायदेशीर झालं. अडचण अशी की चारही ऑपरेशनं एकाच दिवशी, एकाच वेळी सुरू करावी लागतात, म्हणजे कुणाला मागे फिरता येऊ नये. त्यासाठी चार थिएटरं, तितके सर्जन, तितके भूलतज्ज्ञ लागतात. एका दात्याचंच ऑपरेशन सहा-आठ तास, रुग्णाचं दहा-बारा. हे झेपणारी ठिकाणं मोजकी, आणि जोड्या बहुतेक आपापल्या रुग्णालयाच्या यादीतच शोधल्या जातात. आपल्याकडे प्रत्यारोपणं पुरेशी होत नाहीत यामागे दाते नाहीत हे एकच कारण नाही. देणारे दोघं दोन रस्त्यांवरच्या दोन इमारतींत बसलेले असतात. तरी विचारा. लेखी विचारा. तोंडी विचारलेलं ओपीडीतच राहतं.

पैसे. २४ लाखांत साधारण दाता आणि रुग्ण यांची ऑपरेशनं आणि ठरावीक दिवसांचा मुक्काम असतो. आयसीयूतला मुक्काम लांबला की मीटर पुढे पळतो. पहिला दाता बाद झाला तर दुसऱ्याच्या तपासण्या वेगळ्या, म्हणून सांगा की आधी स्वस्त तपासण्या करा, रक्तगट, लिव्हर फंक्शन, हिपॅटायटिस बी-सी, मगच सीटी. मेडिक्लेममध्ये दात्याचं ऑपरेशन बहुधा रुग्णाच्या पॉलिसीतून बसतं, पण दात्याला पुढे काही झालं तर तो खर्च बऱ्याच पॉलिसी धरत नाहीत. ते कलम वाचून घे. धर्मादाय रुग्णालय असेल तर दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. छापखान्याचं उत्पन्न त्यात बसतं का बघा. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास, बाकीचे ट्रस्ट, सगळीकडे अर्ज करा. त्यातून रक्कम उभी राहत नाही, भोक थोडं बुजतं. एवढी मोठी सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं असलेल्या या शहरात जिवंत दात्याचं यकृत प्रत्यारोपण जवळजवळ सगळं खासगीतच होतं. नोकरीत असताना मी हे बोलू शकत नव्हते, आता बोलते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते दात्याने दिलेलं बरं. सुमनताई इथे आहेत का?


गिरगावची_सुमन
सोमवार, रात्री १०:५०

आहे. दिवसभर बघत होते, लिहू की नको. माझी गोष्ट काही आदर्श नाही.

मी २०१८ मध्ये नवऱ्याला दिलं. तेव्हा मी ४४ ची. आमच्या यांचं दारूनेच गेलं होतं, ते झाकण्यात अर्थ नाही. सहा महिने बाटली सोडलेली असली पाहिजे, मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी पाहिजे, ते सगळं झालं. चाळीत बायका मला म्हणायच्या, "त्याने उडवलं, तू का भरतेस?" मी उत्तर द्यायचे नाही. माझ्याकडे नव्हतंच उत्तर. आजही मी म्हणणार नाही की प्रेमापोटी दिलं. मुलगा दहावीला होता आणि मला त्याचा बाप हवा होता, इतकंच.

पण पहिली दाता मी नव्हते. पहिले माझे दीर होते. ३९ वर्षांचे, सडपातळ, रक्तगट जुळलेला, सगळे म्हणायचे की हा म्हणजे देवानेच ठेवलेला माणूस. त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या. तारीखही जवळजवळ ठरली. आणि मग एक दिवस आम्हाला सांगण्यात आलं की ते दाता म्हणून योग्य नाहीत. कारण? गोपनीय. दात्याची माहिती कुटुंबालाही देत नाहीत म्हणे. सासूबाईंनी आकांत केला. मला डॉक्टरांचा इतका राग आला की मी कॉरिडॉरमध्ये मोठ्याने बोलले.

मग माझी तपासणी झाली. माझ्या लिव्हरला चरबी. मी ७१ किलोची होते. म्हणाले, वजन उतरवा, चरबी उतरली तर बघू. आपल्याकडे हे फार आहे, मीनल, तू तयारी ठेव. बघायला माणूस बारीक आणि आतलं यकृत लोण्यासारखं, असे दाते सर्रास बाद होतात. मी भात, साखर, तळण बंद केलं. रोज पहाटे ठाकूरद्वारहून चौपाटी, तिथून नरिमन पॉइंट, परत. संध्याकाळी तेच. इकडे हे दर आठवड्याला पाणी काढून घेताहेत, आणि मी काट्यावर उभी राहून शंभर-शंभर ग्रॅम मोजतेय. अकरा आठवड्यांत ६३. परत सीटी. तेव्हा हो म्हणाले.

मापाचं पण एक असतं. रुग्णाच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के इतका तुकडा तरी लागतो, आणि दात्याच्या पोटात निदान तीस-पस्तीस टक्के उरायला पाहिजे. दादांचं वजन धरताना पोटातलं पाणी वजा करून धरतात, म्हणजे काट्यावर ७८ दिसले तरी घाबरू नका. लोक म्हणतात यकृत परत उगवतं. कापलेला भाग उगवत नाही. उरलेला वाढून दोन-तीन महिन्यांत जवळजवळ पहिल्याएवढा होतो.

आता जे कुणी सांगत नाही ते. मला पित्ताची गळती झाली. दर दहा दात्यांत एखाद्याला काहीतरी होतंच, त्यातली मी. आठव्या दिवशी घरी जायच्या ऐवजी पोटातून नळी आणि नळीला पिशवी. ती घेऊन तीन आठवडे होते. गाऊनला सेफ्टी पिनने अडकवायची. रोज सकाळी पिशवीतलं हिरवंपिवळं पाणी मापून वहीत लिहायचं: १८०, १६०, मग परत २१०. त्या २१० च्या दिवशी मी बाथरूममध्ये बसून रडले, कारण खाली मुलाची शाळेची बस आलेली आणि डबा भरायला मला वाकता येत नव्हतं. मग कमी कमी होत गेलं आणि थांबलं. टाका उलट्या एलसारखा, बरगडीखालून. सहा महिने परकराची नाडी त्यावर काचायची म्हणून साडी नेसता आली नाही. टाक्याच्या वर एक तळहाताएवढा भाग आजही बधिर आहे, गरम तव्याची वाफ कळत नाही. मी एका खासगी ऑफिसात क्लार्क होते, तीन महिने बिनपगारी. केंद्र सरकारी नोकरांना २०२३ पासून अवयवदानासाठी ४२ दिवसांची खास रजा मिळते. आपल्यासारख्यांना साहेबांची दया. तुझ्या पतपेढीत आधीच बोलून ठेव.

हे जिवंत आहेत. सकाळी ९, रात्री ९, गोळ्या जन्मभर. दारू नाही. चिडचिड आहे तशीच आहे.

पण मी लिहायला बसले ते दिरांसाठी. चार वर्षांनी, गौरी-गणपती विसर्जन करून आम्ही चौपाटीवरून परत येत होतो. बाकीचे पुढे गेले. ते रिकामा पाट हातात धरून, त्याची वाळू झटकत झटकत मला म्हणाले, "वहिनी, मी अनफिट नव्हतो. मी आत नाही म्हणालो होतो."

झालं असं होतं की शेवटच्या फेरीला एका डॉक्टरांनी त्यांना एकटं बसवलं होतं. ते डॉक्टर रुग्णाच्या टीमचे नव्हते, दात्याच्या बाजूने बघणारे वेगळे असतात. त्यांनी विचारलं, घरी कुणी काही म्हटलंय का? तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा, आम्ही बाहेर फक्त "योग्य नाही" इतकंच सांगू. आणि हा माणूस, जो आठ महिने सगळ्यांसमोर "माझं काय, मी तयार आहे" म्हणत होता, तो तिथे पाच मिनिटं नुसता रडला आणि नको म्हणाला. त्यांची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती.

मला राग आला का? आला. चांगला आठवडाभर आला. माझी पिशवी, माझे २१०, टाक्यावरचा तो बधिर भाग, सगळं आठवलं. मग कधीतरी भांडी घासताना लक्षात आलं की त्याच खोलीत मलाही बसवलं होतं. मलाही तोच प्रश्न विचारला होता. मला वाटलं होतं फॉर्मवरचा रकाना भरताहेत, म्हणून मी घाईघाईने "नाही नाही, माझी मर्जी आहे" म्हणून उठले. दार उघडं होतं हे मला बाहेर येऊन चार वर्षांनी कळलं. कळलं असतं तरी मी दिलंच असतं बहुतेक. पण कळून दिलं असतं.

तू विचारलंस, घाबरलेय हे कुणाला सांगायचं. तिथे. त्या खोलीत. वहिनीला नको, दादाला तर मुळीच नको, आणि नवऱ्यालाही आधी नको, कारण तुझी भीती त्याच्या तोंडून बाहेर आली की ती त्याचा नकार होते. ती खोली मागून घे. "मला एकटीला बोलायचंय" असं म्हण, आणि तिथे पाच मिनिटांत उठू नकोस.

आणि अजून एक. भाच्यालाही कुणीतरी आत्ताच सांगा की तुझ्याकडे कुणी बघत नाहीये. तो मोबाइलवर सगळं वाचत असणार. सतरा वर्षांचं पोर पाच महिने दिवस मोजतंय, आणि घर समजतंय की ते अभ्यास करतंय.


पार्लेकर_जुना
मंगळवार, सकाळी ६:५०

सुमनताई, माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेत नाही, पण तुमच्या दिरांबद्दल वाचून बराच वेळ बसून होतो. मीनल, ए पॉझिटिव्ह रुग्ण आणि बी दाता अशी जोडी आमच्या ओळखीत आहे का, आज संध्याकाळी कट्ट्यावर विचारतो. म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर यकृतं पुष्कळ बिघडलेली असतात.


फाईलवाली
मंगळवार, सकाळी ११:२०

काका, भावना पोचली, पण जोड्या कट्ट्यावर जुळवू नका. रुग्णालयामार्फतच. नाहीतर समिती पहिला प्रश्न विचारेल की तुमची ओळख कशी झाली, आणि मग दोन्ही फाईली अडकतील.


भांडुपची_मीनल
पुढच्या शनिवारी, रात्री १२:०५

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. या आठवड्यात दादाला दोन दिवस ॲडमिट करावं लागलं, आता घरी आहे.

स्वॅपबद्दल लेखी अर्ज दिला. समन्वयक म्हणाली, दोन महिन्यांपूर्वी एक ए-बी जोडी होती, त्यांना आता यादीतून मिळालं. नवी आली तर कळवतील. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझं चालतं?" आणि एकदम खुर्चीत बसली. ती इतके महिने ए रक्तगट हा स्वतःचा गुन्हा असल्यासारखी वावरत होती, ते मला आत्ता दिसलं. मी तिच्या घावण्यांवरून काय काय समजले होते.

देवगडच्या भावाची फाईल उघडली. त्याच्याकडे आमचा दोघांचा दादाच्या उशिरा झालेल्या मुंजीतला फोटो निघाला, दादा चकोट आणि आम्ही दोघं त्याच्या डोक्याला हात लावून हसतोय. फाईलवालीताई, हा चालेल ना?

भाच्याशी मी बोलले. शिवाजी पार्कला घेऊन गेले, कट्ट्यावर बसलो. मी म्हटलं, तुझं वय झालं तरी तुझं नाव मी यादीत येऊ देणार नाही. तो म्हणाला, "आत्या, मला माझा रक्तगट माहीत आहे, मी जानेवारीतच करून घेतला." मग आम्ही भेळ खाल्ली. म्हणजे त्याने खाल्ली.

कारण माझं असं झालं की पहिल्या तपासण्या बऱ्या आल्या, पण सोनोग्राफीत चरबी. ग्रेड एक. वजन ६८ आहे, पाच-सहा किलो उतरवा म्हणाले, मग सीटी. मी ती खोली मागितली. मिळाली. नवरा बाहेर बाकावर माझा डबा मांडीवर घेऊन बसला होता. मी आत चाळीस मिनिटं होते. काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाहेर आल्यावर त्याने काही विचारलं नाही, आणि पहिल्यांदाच "बघू" पण म्हणाला नाही.

सासूबाईंना मी फक्त चरबीचं सांगितलं. आज रात्री त्यांनी सगळ्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला आणि माझ्या ताटात कोरडी भाकरी. त्या तयार झाल्या आहेत, की माझ्या वजनाला टोमणा होता, काही कळलं नाही. उद्या पहाटे साडेपाचला चालायला निघायचंय.